तीस जानेवारी : एक दिवस, अनेक घरे
(हुतात्मा दिनानिमित्त वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हुतात्मा दिन म्हटला की आपल्या बेळगावकरांच्या मनात प्रथम 17 जानेवारी ही तारीख उभी राहते. 1956 साली त्या दिवशी झालेल्या गोळीबाराची आठवण ह्या गावात कोणाला करून द्यावी लागत नाही. त्यानंतर तेरा दिवसांनी येणारा दुसरा हुतात्मा दिन मात्र सरकारी कचेऱ्यांत अकराच्या ठोक्याला दोन मिनिटे उभे राहून उरकला जातो. दोन मिनिटांनी पंखे पुन्हा सुरू होतात, फायली पुन्हा हलू लागतात. आजचा विषय मी मुद्दाम ह्या दुसऱ्या दिवसाचा घेतला आहे. गांधीजींच्या जीवनावर मी बोलणार नाही; त्यावर बोलणारे माझ्याहून अधिकारी लोक पुष्कळ झाले. मी बोलणार आहे ते त्यांच्या मृत्यूच्या आठवणीवर. ही आठवण एक नाही. मराठी बोलणाऱ्या माणसांत तर ती मुळीच एक नाही. एकाच गल्लीतील चार घरांत तीस जानेवारीचे चार अर्थ आहेत, आणि पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्या घरांनी ते एकमेकांना मोकळेपणाने सांगितलेले नाहीत.

दिवसाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तरुण श्रोत्यांना ती शाळेच्या पुस्तकातील दोन ओळींपलीकडे क्वचितच ठाऊक असते. 30 जानेवारी 1948, शुक्रवार. दिल्लीच्या बिर्ला भवनात सायंकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वृद्धावर पाच वाजून सतरा मिनिटांनी तीन गोळ्या झाडण्यात आल्या. सहा वाजता आकाशवाणीने बातमी दिली आणि मारणारा हिंदू आहे, हे त्याच दमात सांगितले. फाळणीची आग तेव्हा विझली नव्हती. दिल्लीतील निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. मारेकरी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर तासभर जरी लांबले असते, तरी त्या रात्री कोणत्या मोहल्ल्यात काय घडले असते ह्याची कल्पना करवत नाही.

म्हणून पहिले घर मी मुसलमानाचे घेतो. त्या घरातील तीस जानेवारी ही प्रथम भयाची, मग सुटकेची आणि नंतर शोकाची आठवण आहे. सुटकेचा भाग माणसे सहसा बोलून दाखवीत नाहीत. शोकात सुटकेचा निःश्वास मिसळलेला असावा, ह्याचा त्यांना संकोच वाटतो. मला त्यात संकोचण्यासारखे काही दिसत नाही. ज्या माणसाने 13 जानेवारीला दिल्लीतील मुसलमानांच्या जीविताच्या हमीसाठी उपोषण आरंभिले आणि ती हमी मिळाल्यावर 18 तारखेला सोडले, तो माणूस गेला, आणि जाताना त्याच्या मृत्यूच्या बातमीतील एका शब्दाने ती हमी आणखी एकदा पाळली गेली.

परंतु त्याच बातमीच्या पुढच्या शब्दाने दुसरी घरे पेटली. मारेकरी हिंदू, पुण्याचा, महाराष्ट्रीय ब्राह्मण, हे कळण्यास रात्र पुरली. दुसऱ्या दिवसापासून मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या पट्ट्यात जे घडले त्याला आमच्या दक्षिण महाराष्ट्रात एक नाव आहे : जळीत. 'अठ्ठेचाळीसचे जळीत' एवढे म्हटले की जुन्या माणसाला दुसरे काही सांगावे लागत नाही. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकरांना जमावाने दगडांनी ठेचले. त्यातून ते पुरते सावरले नाहीत आणि 1949 च्या ऑक्टोबरात वारले. ही झाली नावाजलेल्या माणसांची उदाहरणे. खेड्यातील भिक्षुक, कुळकर्णी, शाळामास्तर, चार एकर जमीन आणि एक पडवी एवढीच इस्टेट असलेली विधवा, ह्यांची नावे कोठे छापली गेली नाहीत. त्यांपैकी कित्येकांनी गांधीजींना पाहिलेही नव्हते आणि गोडशांचे नावही ऐकले नव्हते. काहींच्या घरात तर चरखा होता, आणि घरासकट तोही जळाला.

ह्या घरांतून निघालेली माणसे पुण्याच्या वाड्यांतील एका खोलीत, मुंबईच्या चाळींत, काही आपल्या बेळगावातही येऊन राहिली. त्याच 1948 सालचा कूळकायदा पुढे पुरा अंमलात आला आणि सोडून आलेली जमीनही हातची गेली. जमीन कसणाऱ्याकडे जाणे न्यायाचेच होते, ह्यात मला शंका नाही. पण ज्याने जळते घर पाठीशी टाकून गाव सोडले त्याच्या मनात जळीत आणि कायदा ह्यांची एकच मोळी बांधली गेली. मुलांना त्याने काही सांगितले नाही. सांगितले ते एवढेच : शीक, नोकरी धर, गावाकडे वळून पाहू नकोस. त्यामुळे त्या घरातील तिसऱ्या पिढीला आपण गाव का सोडले हे ठाऊक नसते. गांधी हे नाव निघाले की आजोबा उठून आत का जात, एवढेच तिला ठाऊक असते. त्या रिकाम्या जागेत आज वाटेल तो माणूस वाटेल ती गोष्ट भरून देतो.

आता तिसरे घर, त्या पेटविणाऱ्या जमावाच्या गावातले. तेथील आठवण काय आहे? माझ्या व्यवसायामुळे माझे खेड्यापाड्यांतून हिंडणे होते, आणि वयोवृद्ध माणसे अंगणात बसली म्हणजे बोलतात. ती सांगतात, आमचा बाप गेल्यासारखे वाटले. चुली पेटल्या नाहीत. आणि अशा वेळी अमक्या आळीत पेढे वाटले गेल्याचे कानावर आले. पेढ्यांची गोष्ट जवळजवळ प्रत्येक गावात सांगतात, आणि ज्या गावात ती सांगतात तेथे ती घडलीच असेल असे नाही. पण ती निव्वळ कल्पित म्हणून झटकून टाकता येत नाही. सरदार पटेलांनी 11 सप्टेंबर 1948 रोजी गोळवलकर गुरुजींना लिहिलेल्या पत्रात, गांधीजींच्या मृत्यूनंतर संघाच्या लोकांनी आनंद व्यक्त केला आणि मिठाई वाटली, असे स्पष्ट नमूद केले आहे. कोणी तरी पेढे वाटले होते. आणि ज्याने वाटले नव्हते त्याचे घर जळाले.

त्या रागाची मुळे तीस जानेवारीच्या पुष्कळ मागची होती. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणापासून, सत्यशोधकांच्या जलशांपासून, सावकाराच्या दारात पिढ्यान् पिढ्या ताटकळण्यापासून तो साठत आला होता. सांगणारे सांगतात की काही ठिकाणी माडीला काडी लागण्याआधी खतावण्या आणि रोखे अंगणात आणून जाळले. म्हणजे शोकाच्या हाताला हिशेबाचा हातही लागलेला होता. ही कारणे मी सांगतो आहे ती समर्थन म्हणून नव्हे. कारण सांगणे आणि क्षमा करणे ह्यांत अंतर आहे, आणि आपल्या सभांतून ते पुष्कळदा पुसले जाते. ज्याच्या नावाने जाळले, तो जिवंत असता तर त्या जमावापुढे आडवा झाला असता, हे जमावातील जाणत्या माणसांना त्याच रात्री कळले नसेल असे मला वाटत नाही. 12 फेब्रुवारी 1948 रोजी देशभरच्या नद्यांत गांधीजींच्या रक्षेचे विसर्जन झाले. आमच्याकडे कृष्णाकाठच्या कित्येक गावांत तेव्हा जळक्या वाड्यांची राखही अजून निवाली नव्हती.

चौथे घर दलिताचे आहे, आणि तेथे मी जपून पाऊल टाकतो. ह्या घराला तीस जानेवारीहून सप्टेंबर 1932 अधिक आठवतो. येरवड्याच्या तुरुंगातील उपोषण, त्याखाली वाकलेले डॉ. आंबेडकर, 24 सप्टेंबरचा पुणे करार. सवर्णांच्या सभेत त्या उपोषणाचे वर्णन आत्मक्लेश असे होते. ह्या घरात त्याचे वर्णन दडपण असे होते. ह्या घराने गांधीहत्येचा निषेध केला नाही असे नव्हे. पण दोन मिनिटे स्तब्ध उभे असताना त्याच्या मनात जे चालते ते इतरांच्या मनात चालत नाही, आणि तसे चालू नये अशी अपेक्षा करण्याचा अधिकार इतरांना नाही.

सज्जनहो, आता मी माझ्या स्वतःच्या घराकडे येतो. माझे घर म्हणजे वृत्तपत्राची कचेरी. नथुराम गोडसे हा संपादक होता. पुण्यात तो 'अग्रणी' नावाचे दैनिक चालवीत असे. सरकारने जामीन मागितल्यावर तेच पत्र 'हिंदुराष्ट्र' ह्या नावाने निघू लागले. त्याचा साथीदार नारायण आपटे त्या पत्राचा व्यवस्थापक. आम्ही मराठी पत्रकार दरवर्षी 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण करतो, लोकमान्यांचे अग्रलेख काढून वाचतो, आणि आमच्या परंपरेचा गौरव करतो. त्या परंपरेच्या यादीत हे एक पत्रही आहे. त्याचे संपादक आणि व्यवस्थापक हे दोघे 15 नोव्हेंबर 1949 रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फासावर गेले. पिस्तूल मिळाले ते ग्वाल्हेरात, तेही मराठी माणसांच्याच ओळखीने. लाल किल्ल्यातील खटल्याचे आरोपी बहुतेक आपलीच भाषा बोलणारे होते, त्यांपैकी वि. दा. सावरकर निर्दोष सुटले, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

मी चळवळीतला माणूस आहे. सभेत आवाज चढविल्याशिवाय चळवळ चालत नाही, हे मी वीस वर्षांच्या अनुभवाने जाणतो. म्हणूनच मला हे पत्र बेचैन करते. अमका माणूस राष्ट्राचा घातकी आहे, हे वाक्य छापावयास एक ओळ लागते. ती ओळ रोज छापली, वर्षभर छापली, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी एखाद्याला ती आज्ञा वाटू लागते. येथे तर लिहिणाऱ्यालाच ती आज्ञा वाटली. लेखणी आणि पिस्तूल ह्यांच्यामध्ये जी भिंत असते ती आम्ही संपादकांनीच राखावयाची असते, दुसरे कोणी राखत नाही.

आणि कळत असलेल्यांनी काय केले? 20 जानेवारीला बिर्ला भवनातच बाँबचा स्फोट झाला होता. मदनलाल पहावा जागीच पकडला गेला. मुंबईच्या रुइया महाविद्यालयातील प्राध्यापक जैन ह्यांनी त्याच्या तोंडून कटाची वाच्यता ऐकली होती. त्यांनी 21 तारखेला बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई ह्यांना ती सांगितली. पुढे 1964 साली, गोपाळ गोडसे सुटून आल्यावर पुण्यात झालेल्या समारंभात ग. वि. केतकरांनी सांगितले की नथुरामचा हेतू आपल्याला आधी ठाऊक होता. केतकर म्हणजे लोकमान्यांचे दौहित्र आणि 'केसरी'चे एकेकाळचे संपादक. बाळूकाका कानिटकरांच्या मार्फत आपण सरकारला सूचना दिली होती, असेही त्यांनी सांगितले. त्या एका भाषणाने देशात खळबळ उडाली, न्यायमूर्ती कपूर ह्यांचा आयोग नेमला गेला आणि 1969 मध्ये त्याचा अहवाल आला. तो अहवाल चाळणाऱ्याला दिसते की दहा दिवस हातात होते, नावे जवळजवळ हातात होती, आणि मुंबई, पुणे व दिल्ली ह्यांच्या पोलिसांत सूत जुळले नाही. पुण्यातील संपादकाला ओळखणारे पुण्यात शेकड्यांनी होते. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि पुन्हा प्रश्न पडतो, की हे सारे चौथीच्या मुलाला कधी सांगितले जाते का?

हत्येचे समर्थन करणारे आजही म्हणतात की पाकिस्तानला पंचावन्न कोटी द्यावयास लावले म्हणून ती झाली. उत्तर सोपे आहे, आणि ते पुण्यातच मिळते. 25 जून 1934 रोजी, हरिजन दौऱ्यावर असताना, पुणे नगरपालिकेच्या सत्काराला जाणाऱ्या गांधीजींच्या समजुतीने एका मोटारीवर बाँब टाकण्यात आला. गांधीजी बचावले, काही जण जखमी झाले. तेव्हा पाकिस्तान नव्हते, फाळणी नव्हती, पंचावन्न कोटी नव्हते. अस्पृश्यांना देवळात घ्या, एवढे म्हणणारा एक माणूस होता. ज्यांना कारणे शोधावयाची आहेत त्यांनी 1934 पासून शोधावीत.

मराठी माणसाच्या पदरी ह्या प्रकरणात एवढेच आले काय? तसे नाही. हत्येनंतर साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. मारणारा आपल्या भाषेचा निघाला, ही गोष्ट ज्यांच्या जिव्हारी लागली त्यांत ते अग्रभागी होते. त्याच वर्षी 15 ऑगस्टला त्यांनी 'साधना' सुरू केले. खुद्द मणिलाल आणि रामदास ह्या गांधीपुत्रांनी मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी जळितावर 'वावटळ' लिहिली; ज्या मुलखात जाळपोळ झाली त्याच मुलखातील लेखकाने ती लिहावी, ह्याला मी मोठे मोल देतो. आणि भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला, गाव सोडले नाही.

बेळगावपुरते पाहावयाचे तर आपला आणि त्यांचा संबंध दुरान्वयाचा नव्हे. आयुष्यात ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषविले ते डिसेंबर 1924 चे अधिवेशन येथेच झाले. त्यासाठी खणलेली विहीर आपण रोज ओलांडून जातो. गंगूबाई हनगल तेव्हा लहान मुलगी होत्या. त्या तेथे गायिल्या. गंगाधरराव देशपांड्यांनी ते अधिवेशन अंगावर घेतले आणि पुढे हुदलीला खादीचे काम उभारले. 1937 साली गांधीजी हुदलीला येऊन राहिले होते. काकासाहेब कालेलकरांचे बेळगुंदी ते आपल्या शिवेवर. 2024 च्या डिसेंबरात ह्या अधिवेशनाची शताब्दी साजरी करण्याचा थाट सरकारने मांडला, डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या निधनामुळे तो मध्येच थांबला. कमानी, रोषणाई, नेत्यांची चित्रे सर्व होते. कानडी घराने त्यात आपली आठवण पाहिली, मराठी घराने बाहेर उभे राहून पाहिली. आपला प्रश्न आपल्या जागी आहे आणि त्यावर मी उद्याच्या अंकात बोलेनच. पण ती विहीर खणली गेली तेव्हा कुदळ मारणाऱ्यांना कोणी भाषा विचारली नसावी.

आजच्या तरुणांविषयी थोडे. 2019 च्या तीस जानेवारीस अलीगढ येथे काही मंडळींनी गांधीजींच्या पुतळ्यावर गोळ्या झाडून त्याचे चित्रण प्रसृत केले. आपल्याकडे 1998 मध्ये 'मी नथुराम गोडसे बोलतोय' हे नाटक आले, सरकारने त्याचे प्रयोग थांबविले, पुढे न्यायालयामुळे ते पुन्हा लागले. बंदीने काही साधत नाही असे माझे तेव्हाही मत होते, आजही आहे. बंदी घातलेले नाटक पाहणाऱ्याला आपण धाडस केल्याचा आनंद फुकट मिळतो. आज तर नाट्यगृहात जाण्याचीही गरज राहिली नाही. सकाळी उठल्यावर हातातल्या भ्रमणध्वनीवर निनावी मजकूर येऊन पडलेला असतो आणि तो आजोबांच्या मौनाइतकाच खरा वाटतो. मुलांना दोष देऊन भागणार नाही. त्यांना घरातून काहीच मिळाले नसेल, तर ती बाहेरून मिळेल ते घेणारच.

म्हणून वाचनालयाच्या चालकांपुढे मी एक सूचना ठेवली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. 1948 साली जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. ह्या गावात, शहापुरात, वडगावात, आसपासच्या खेड्यांत अशी माणसे अजून थोडी आहेत. त्या आठवड्यात तुमच्या घरी काय घडले, एवढे त्यांच्याकडून लिहून घ्यावयाचे. जळलेल्या घरातून आलेल्यांनी लिहावे, आणि त्यांना ज्यांनी परसदाराने बाहेर काढले, पेवात किंवा गवताच्या गंजीत लपविले, त्यांच्या घरच्यांनीही लिहावे. जमावात जे होते त्यांच्या मुलांनी लिहिले तर अधिक चांगले. नाव घालण्याची सक्ती नाही. ज्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही, त्यांनी ते लिहावे. ज्या घरात पेटली, त्यांनीही. मराठीत लिहा, कानडीत लिहा, उर्दूत लिहा; ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वाचनालयाचे दोन तरुण रविवारी सकाळी घरी येऊन बसतील. मत कोणाचे विचारले जाणार नाही, फक्त हकीकत विचारली जाईल. वह्या बाहेर ग्रंथपालांच्या मेजावर ठेवल्या आहेत. जाताना ज्यांना हवी त्यांनी घेऊन जावी, आणि गुढीपाडव्यापर्यंत परत आणून द्यावी.